दोन विहिणी आणि उठलेला बाजार

माझी आई आणि माझ्या सासूबाई एकाच उन्हाळ्यात आमच्याकडे आल्या. हा योगायोग होता असं आम्ही लोकांना सांगतो. खरं तर दोघीही महिनाभर फोनवर "आमचं काय, आम्ही पुढच्या वर्षी येऊ, त्यांना आधी येऊ द्या" असं म्हणत होत्या. इतक्या मोठेपणानं म्हणत होत्या, की शेवटी एकमेकींच्या मोठेपणाचा मान राखायला दोघींनीही तिकिटं काढली.

स्टुटगार्टमध्ये एका चढाच्या रस्त्यावर आमचं तीन खोल्यांचं घर आहे. दिवाणखान्याला खोली म्हणायची इथे पद्धत आहे म्हणून तीन. त्यात मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि दोन टोकांना दोन विहिणी. भांडणं होत असतील असं कुणाला वाटेल. भांडणं झाली असती तर किती बरं झालं असतं! त्या एकमेकींशी अतिशय गोड वागत होत्या.

"विहीणबाई, तुम्ही बसा हो, पोळ्या मी करते," सासूबाई म्हणायच्या.

"छे, तुम्ही पाहुण्या," आई म्हणायची.

"मी कशी पाहुणी? माझ्या मुलाचं घर आहे."

"हो की. माझ्या मुलीचं पण आहे ना."

मग दोघीही हसायच्या. ते हसू ऐकलं की नवरा बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या दोन कुंड्यांतली झाडं अतिपाण्यानं मेली.

माहेर सोलापूरचं, सासर पुण्याचं. त्यामुळे सकाळच्या पोह्यांत साखर किती, या प्रश्नाला आमच्या घरी सीमाप्रश्नाचं गांभीर्य होतं. मी पोहे करणंच बंद केलं आणि सगळ्यांना पाव-लोणी द्यायला लागले. त्यावर दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं, की मुलीला स्वयंपाकाचा कंटाळा आहे.

ऑफिसातल्या एका जर्मन मैत्रिणीनं मला उपाय सुचवला. तासाभराच्या अंतरावर एक जुनं, देखणं बाजारगाव आहे. लाकडी चौकटींची घरं, दगडी चौक, चौकात कारंजं, आणि शेकडो वर्षं दर शनिवारी न चुकता भरणारा बाजार. "तिथे गेल्यावर माणूस शांत होतो," ती म्हणाली. ती स्वतः तिथे एकटीच जाते, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

घरी सांगितल्यावर दोघींचे डोळे चमकले.

"म्हणजे आठवडी बाजार?" आईनं विचारलं.

"आठवडी, पण ऐतिहासिक," मी म्हणाले.

"भाजी मिळते ना? मग झालं," सासूबाई म्हणाल्या.

नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. एरवी त्या कंपनीत शनिवारी चिटपाखरूही नसतं. पण आई आणि सासू एकत्र सहलीला निघाल्या म्हटल्यावर त्या सुट्या भागांत अचानक काहीतरी गंभीर बिघाड निघाला. "मी आलो असतो गं," तो इतक्या दुःखानं म्हणाला, की मला त्याचे आभार मानावेसे वाटले.

निघालो आम्ही चौघी. सासूबाईंचा शनिवारचा उपवास, म्हणून त्यांनी साबुदाण्याची खिचडी डब्यात घेतली. ती पुरणार नाही असं आईला वाटलं, म्हणून तिनं दशम्या आणि शेंगांची चटणी घेतली. लेकीनं इअरफोन घेतले. मी आशा घेतली.

अर्ध्या वाटेत आम्हाला आगगाडीतून उतरवलं. पुढे रुळांची दुरुस्ती चालली होती, म्हणून बस. या व्यवस्थेला जर्मनमध्ये 'शीननएरझाट्सफेअरकेअर' म्हणतात. एवढा शब्द जुळवायला जितका वेळ गेला असेल, तेवढ्यात रूळ दुरुस्त झाले असते.

बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "इथे गाड्या मिनिटाच्या हिशेबानं धावतात असं माझा मुलगा सांगत होता."

"धावत असतील की," आई म्हणाली. "आपण बसतो त्याच धावत नाहीत."

जावयाची बाजू घेऊन विहिणीला टोला. त्यात तिला समाधान वाटलेलं दिसलं. सासूबाईंनी खिडकीकडे तोंड वळवलं. मी द्राक्षांचे मळे दाखवले. कुणी पाहिले नाहीत.

गाव मात्र मैत्रीण म्हणाली होती तसंच निघालं. पांढऱ्या भिंतींवर तपकिरी लाकडांच्या फुल्या, खिडक्याखिडक्यांत लाल फुलं, रस्त्यावर असा दगड की आईच्या चपला दोनदा अडकल्या. प्रत्येक घरावर माहितीची पाटी. या घरात अमुक सरदार एक रात्र झोपला होता, त्या घरात तमुक बिशप आजारी पडला होता. कोण कुठे झोपलं याची नोंद या देशात फार चोख. त्याच ऐतिहासिक घरांच्या तळमजल्यावर आता चष्म्याचं दुकान, विम्याचं ऑफिस आणि नखं रंगवायचं पार्लर होतं.

"किती जुनं घर म्हणालीस हे?" आईनं विचारलं.

"पाचशे वर्षं."

"आणि वाकलेलं आहे तरी पाडत नाहीत?"

"पाडायला परवानगी नाही. वाकलेलं तसंच जपायचं असतं."

"ऐकलं ना?" सासूबाई गुडघा चोळत म्हणाल्या. हे वाक्य त्या कुणाला म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

चौकात पोहोचलो तर राटहाउससमोर, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसमोर गर्दी होती. लग्न लागलं होतं. इथे लग्न नगरपालिकेतच लागतं. पाणीपट्टी भरायची त्याच इमारतीत, फक्त वरच्या मजल्यावर. नवरानवरी पायऱ्या उतरून आले होते आणि त्यांच्यासमोर लाकडी घोडीवर एक जाडजूड ओंडका ठेवला होता. मित्रांनी दोन मुठींची मोठी करवत आणून त्यांच्या हातांत दिली.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

लेकीनं इअरफोन काढून जर्मनमध्ये सांगितलं. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्येच देते, कारण तिच्या मते मराठी हा ऐकण्याचा विषय आहे. मी मराठीत सांगितलं, "दोघांनी मिळून ओंडका कापायचा. संसारात एकत्र राबावं लागतं म्हणून."

"आपल्याकडे नुसतं नाव घ्यायला लावतात," आई म्हणाली. "इथे थेट सुतारकाम."

नवरदेव जोरात ओढत होता. नवरीच्या पांढऱ्या झग्यावर भुसा उडत होता.

"अगं, तो एकटाच ओढतोय बिचारा," सासूबाई म्हणाल्या.

"तिला ओढायची संधी तरी देतोय का तो?" आई म्हणाली.

पाहुण्यांमध्ये पेले फिरत होते. सासूबाईंनी ते पेले नीट न्याहाळले आणि हळूच, अगदी सहज म्हणाल्या, "व्यवस्था चांगली आहे मात्र. शेवटच्या माणसापर्यंत पेला पोचलाय. कमी पडलं नाही काही."

इथे मला माझ्या लग्नाबद्दल सांगायला हवं. सोलापुरात झालेल्या त्या लग्नात शेवटच्या पंगतीला मठ्ठा संपला. जेवण उरलं, जिलबी उरली, मठ्ठा तेवढा संपला. त्यानंतर बारा वर्षांत सासूबाई त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. फक्त कुठल्याही लग्नातून आल्या की मला सांगायच्या, "मठ्ठा भरपूर होता हं."

आईनं खांद्यावरची पर्स सावरली. "मठ्ठ्याबद्दल म्हणताय का?"

"मी कुठे काय म्हणाले?"

"बारा वर्षं तुम्ही काही म्हणाला नाहीत. बारा वर्षं मी तेच तर ऐकतेय."

"आता तुम्हीच विषय काढलात म्हणून. लग्नात माणसं मागेपुढे होतात, अंदाज घ्यायचा असतो."

"घेतला होता की अंदाज! तुमच्याकडून कळवली होती तेवढी पानं, वर आणखी थोडी. आता पुण्याहून बसच्या मागे बस येईल हे आम्हाला काय ठाऊक?"

"मुलाचं लग्न होतं. माणसं येणारच."

"येऊ देत की. पण सगळ्यांनी मठ्ठ्यावरच का तुटून पडावं?"

ओंडका तुटून पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नवरानवरीनं एकमेकांचं चुंबन घेतलं, आणि माझ्या उजव्या-डाव्या हाताला दोन विहिणी विरुद्ध दिशांना तोंड करून उभ्या राहिल्या. लेकीनं माझी बाही ओढून विचारलं, मठ्ठा म्हणजे काय? ताक, मी सांगितलं. तिनं बराच विचार केला. "ताकावरून?" एवढंच तिनं जर्मनमध्ये विचारलं आणि इअरफोन परत कानांत घातले.

बाजाराकडे वळलो, तर बाजार उठत होता. दुपार झाली की बाजार आवरतात, हे मैत्रिणीनं मला सांगितलं नव्हतं, कारण इथे ते सगळ्यांना जन्मतःच ठाऊक असतं. तंबूंच्या कनाती खाली येत होत्या, चीजवाल्याच्या गाडीचं दार लागत होतं. शेकडो वर्षांचा बाजार पाहायला आम्ही आलो आणि आमच्या डोळ्यांसमोर तो घड्या घालून टेम्पोत गेला. भाजीची एकच गाडी मांडलेली होती. हिरव्या एप्रनमधली, पिकल्या केसांची जाड वेणी घातलेली एक धिप्पाड बाई ती आवरत होती.

सासूबाई तिकडे सरळ चालत गेल्या. मी मागून "अहो आई, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी फरसबीच्या टोपलीत हात घातला, एक शेंग उचलली आणि कानाजवळ नेऊन मोडली.

भाजीवाली ओरडली. काय ओरडली ते त्या भागातल्या बोलीत होतं, त्यामुळे मलाही अर्धंच कळलं. भाजीला हात लावायचा नाही, लावलाच तर मोडायची नाही, आणि मोडली ती मोडली, आता ती कोण घेणार! चौकातल्या लोकांनी वळून पाहिलं. सासूबाईंना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. त्यांचा चेहरा लाल झाला. ती अर्धी शेंग कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. पुण्यात अख्ख्या सोसायटीला ज्यांचा धाक, त्या बाई एकदम लहान दिसायला लागल्या.

मी अकरा वर्षं या देशात आहे. माझ्या तोंडून आपोआप "एन्ट्शुल्डिगुंग" निघालं, म्हणजे माफ करा.

"माफी मागू नकोस!" आई कडाडली. मला बाजूला सारून ती त्या गाडीसमोर उभी राहिली. "अहो बाई, ओरडता कशाला? फरसबी बघूनच घेतात. न बघता घ्यायला काय लॉटरीचं तिकीट आहे? या कोण आहेत माहिती आहे का? चाळीस वर्षं भाजी निवडतायत या! यांनी हात लावला हे तुमच्या भाजीचं नशीब समजा!"

भाजीवालीनं जर्मनमध्ये उत्तर दिलं. आईनं मराठीत प्रत्युत्तर दिलं. दोघी कंबरेवर हात ठेवून, सारख्याच पट्टीत, एकीचं संपलं की दुसरीचं, अशा बोलत राहिल्या. एकीलाही दुसरीचं अक्षर कळत नव्हतं आणि त्यामुळे काहीच अडत नव्हतं. इतका मोकळा संवाद मी गेल्या तीन आठवड्यांत घरात ऐकला नव्हता.

"सांग गं तिला," सासूबाई लेकीला म्हणाल्या. आईनं बाजू घेतल्यावर त्यांचा आवाज परत आला होता. मला कुणी सांगितलं नाही. माफी मागून मी शत्रूला सामील झाले होते.

लेकीनं इअरफोन काढले, दोघींकडे पाहिलं आणि भाजीवालीला गोड आवाजात सांगितलं, "माझ्या आज्या म्हणतात, तुमच्या शेंगा फार सुंदर आहेत. आमच्याकडे ताज्या शेंगेचा आवाज ऐकतात."

"आवाज?" भाजीवाली थबकली. मग तिनं स्वतःच एक शेंग घेतली, कानाशी नेली आणि मोडली. कट्. "ताजी आहे. आज सकाळची," ती घुश्शातच म्हणाली आणि उरलेली अर्धी शेंग आईसमोर धरली. आईनं ती मोडून ऐकली.

"ताजी आहे," तिनं सासूबाईंना निकाल दिला.

मग रीतसर फरसबी घेतली गेली, आणि मोडलेल्या शेंगाही त्यातच गेल्या. एवढ्यावर निघालो असतो, पण सासूबाईंना गाडीच्या खालचं खोकं दिसलं. त्यात नवलकोलाचा पाला, मुळ्याचा पाला, बिटाची पानं, सगळं तोडून टाकलेलं होतं. इथली माणसं गड्डा घरी नेतात आणि पाला गाडीवरच सोडून जातात.

"हे टाकणार?" सासूबाई आईला म्हणाल्या.

"एवढा कोवळा पाला?" आई म्हणाली. दोघींच्या आवाजात एकच कळवळा होता.

लेकीनं विचारलं, हा पाला मिळेल का? भाजीवालीचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "सशांसाठी हवाय का?" तिनं विचारलं. इथे पाला मागायला येतात ते ससे पाळणारेच. लेकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. आपल्या आज्या हा पाला स्वतः खाणार, हे भर चौकात सांगण्याची तिची तयारी नव्हती.

"हो," ती म्हणाली.

"किती ससे आहेत?"

"दोन."

"पिल्लं?"

"नाही. म्हाताऱ्या आहेत."

"अगं बाई! एकत्र राहतात का? म्हातारे ससे एकमेकांना चावतात."

"कधीकधी," लेक म्हणाली.

मी कारंज्याकडे पाहत राहिले. भाजीवालीनं दोन मोठ्या पिशव्या दाबून दाबून भरल्या, वर गाजराचा पाला घातला, आणि सशांना कांदा मात्र चुकूनही देऊ नका, असं बजावून सांगितलं. निघताना सासूबाईंनी तिला हात जोडले. तिनंही हसत हात जोडले आणि सशांना नमस्कार सांगितला.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"घरच्यांना नमस्कार सांगा म्हणाली," मी म्हणाले.

"मनानं वाईट नाही हो बाई," सासूबाई म्हणाल्या. "जरा तोंडाळ आहे."

"असतात अशी माणसं," आई म्हणाली. या वेळी तिचा रोख खरोखर भाजीवालीवरच होता.

कारंज्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही जेवलो. सासूबाईंनी खिचडी खाल्ली, आम्ही दशम्या. खाऊन झाल्यावर दोघी तिथेच पाला निवडायला बसल्या. जून देठ एका पिशवीत, पानं दुसऱ्या. तेवढ्यात पर्यटकांचा एक घोळका आला. चौकातल्या चर्चचा फोटो काढून झाल्यावर त्यांनी या दोघींचाही काढला. त्या ऐतिहासिक बाजारगावात त्या घटकेला बाजारासारखं दिसणारं एवढंच उरलं होतं. चर्चमध्ये म्हणे फार मौल्यवान कोरीवकाम आहे. मी जाऊन येते म्हटलं, तर माझ्या मांडीवर मुळ्याची जुडी ठेवण्यात आली.

पानं खुडता खुडता सासूबाई म्हणाल्या, "चांगला होता म्हणे पण."

"काय?" आई म्हणाली.

"मठ्ठा. ज्यांनी प्यायला ते सगळे सांगत होते."

आईचे हात थांबले. "म्हणजे? तुम्हाला मिळाला नव्हता?"

"मी शेवटच्या पंगतीला होते ना. वरमाईनं आधी कसं बसायचं? सगळ्यांची जेवणं बघत होते. उन्हाची वेळ, घसा सुकलेला. म्हटलं, आता निवांत बसून मठ्ठा पिऊ. तर नाही."

"अहो, मग बोलायचं नाही का! मला वाटलं, पाहुण्यांना कमी पडलं म्हणून तुम्ही बोलून दाखवता."

"स्वतःसाठी कसं मागणार? मुलाची आई मी."

आईनं हातातलं पान पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "आज घरी गेल्यावर करते. उपवास सोडताना घ्या." सासूबाईंनी मान हलवली. मला त्या क्षणी काहीतरी बोलावंसं वाटलं, पण माझ्या हातात मुळा होता आणि माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. मी आणि लेक मागच्या सीटवर. मध्येच सासूबाई वळून लेकीला म्हणाल्या, "काय गं, ती बाई सारखं 'हाझन, हाझन' काय म्हणत होती?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी द्राक्षांचे मळे पाहिले. शेवटी तिनं मराठीत सांगितलं. "ससे."

"ससे? कुठले ससे?"

मग तिनं सगळं सांगितलं. मराठी शब्द अडला तिथे जर्मन घालून, पण प्रामाणिकपणे, चावण्यासकट. आधी आईचे खांदे हलायला लागले. तोंडावर पदर धरून ती हसत होती. सासूबाई तिच्याकडे रागानं पाहत राहिल्या आणि पाहता पाहता त्यांचाही बांध फुटला. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढचा प्रवासी वळून पाहायला लागला. जर्मनीत बसमध्ये हसायला बंदी नाही, पण हसतही कुणी नाही.

"दोन म्हणालीस ते ठीक," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "म्हाताऱ्या कशाला सांगायला हवं होतं?"

संध्याकाळी आईनं ताकात आलं, मिरची, कोथिंबीर घालून पातेलंभर मठ्ठा केला. इथल्या ताकाला चव नाही म्हणून सासूबाईंनी त्यात चिमूटभर साखर घातली आणि आई काहीही बोलली नाही. पाल्याची पीठ पेरून भाजी झाली. नवरा आला, ओट्यावरचा मठ्ठा पाहून दारातच थांबला. "कुणी काही बोललं का?" त्यानं मला डोळ्यांनीच विचारलं. त्याच्या हातात पेला देण्यात आला आणि पाठोपाठ प्रश्न: शनिवारी एवढं काय काम असतं रे? प्रश्न त्याच्या आईनं विचारला आणि त्याच्या सासूनं दुजोरा दिला. तिथून पुढे आमचे दिवस बदलले. आता दोघींचं सगळ्यावर एकमत व्हायला लागलं: मी फ्रोझन भाजी का आणते, तो घरी इतका गप्प का असतो, पोरीला मराठीत बोलायला का लावत नाही. त्या आधी एकमेकींशी गोड होत्या तेच आमच्यासाठी बरं होतं, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

दोघी परत गेल्या. मला सर्दी झाली असं मी आईला सांगितलं की काढा कसा करायचा ते सांगायला सासूबाईंचा फोन येतो, आणि आई सांगते की तसं काही बोलणं झालं नाही. दिवाळीनंतर फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. दोघी एका तळ्याकाठी बाकावर बसलेल्या, हातात कणसं. तेव्हा आम्हाला कळलं, की सासूबाई आठ दिवस सोलापुरात माझ्या आईकडे राहायला गेल्या आहेत. मला आधी कळवलं नव्हतं. नवऱ्याला तर फोटोही मीच दाखवला.